शैव राजाने दिलेला स्तूप

इंडोनेशियाच्या जावा बेटावर योग्याकार्ताहून पूर्वेकडे सोलोच्या दिशेने निघालेला रस्ता सुमारे १७ किलोमीटरवर प्रम्बाननच्या मैदानात शिरतो. उत्तरेला मेरापी हा जागता ज्वालामुखी, दक्षिणेला रातू बोकोची टेकडी आणि मधल्या सपाट, काळ्या, सुपीक जमिनीवर आठव्या-नवव्या शतकांतली इतकी देवळे, की एकाच्या शिखरावरून नजर काढावी तर दुसऱ्याचे शिखर समोर येते. जावामध्ये अशा प्राचीन देवळाला, मग ते शिवाचे असो वा बुद्धाचे, ‘चंडी’ असेच म्हणतात. जगभरातून येणारी गर्दी प्रम्बाननच्या ४७ मीटर उंच शिवमंदिरापाशी थांबते. थोडे लोक त्याच उद्यानातून उत्तरेला चालत सेवू या बौद्ध संकुलापर्यंत जातात. सेवूपासून पूर्वेला, भातखाचरांमधून जाणाऱ्या गावरस्त्याने किलोमीटरभर गेले, की प्लाओसान लागते. तिथे पोहोचणारे त्याहूनही कमी.

हा लेख मी प्लाओसानसाठी लिहीत आहे. हिंदू आणि बौद्ध वास्तुकला एकमेकींत मिसळल्या, असे आपण अशा स्थळांविषयी सहज लिहितो आणि पुढे जातो. पण मिसळल्या म्हणजे नेमके काय झाले, कोणी कोणाच्या देवळाला दगड दिला, कोणाच्या पदरचा कारागीर कोणाकडे गेला, राजाने काय दिले आणि त्याच्या अधिकाऱ्यांनी काय दिले, हे प्रश्न त्या एका क्रियापदाखाली झाकून जातात. प्लाओसानच्या अंगणात या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे दगडावर कोरलेली सापडतात, आणि म्हणूनच हे ठिकाण मला प्रम्बाननहूनही महत्त्वाचे वाटते.

आधी थोडा काळाचा अंदाज घ्यायला हवा. मध्य जावातील मातराम राज्याचा राजा संजय याने शके ६५४ मध्ये, म्हणजे इ. स. ७३२ मध्ये, एका टेकडीवर शिवलिंगाची स्थापना केली आणि तसा संस्कृत शिलालेख कोरवला. त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत, शके ७०० मध्ये, याच मैदानातल्या कलसन येथे तारादेवीचे मंदिर उभे राहिले. त्याचा लेख भगवती आर्यतारेला नमन करून सुरू होतो, आणि पणंगकरण या राजाने शैलेंद्र घराण्यातल्या राजाच्या गुरूंच्या विनंतीवरून कलस हे गाव भिक्षुसंघाला दान दिल्याची नोंद करतो. शके ७१४ चा, म्हणजे इ. स. ७९२ चा लेख सेवूच्या आवारात मिळाला आहे. तो जुन्या मलय भाषेत आहे आणि सेवूचे मूळ नाव मंजुश्रीगृह, म्हणजे मंजुश्री या बोधिसत्त्वाचे घर, असल्याचे त्यातूनच कळते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका लेखात रातू बोकोच्या टेकडीवरील अभयगिरी विहाराचा उल्लेख येतो. श्रीलंकेतल्या प्रसिद्ध विहाराचे नाव घेतलेल्या या विहाराच्या टेकडीवरच पुढे ८५६ च्या सुमारास कुंभयोनी नावाच्या सरदाराने शिवलिंगे बसवली. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांच्या अवधीत, मध्य जावाच्या याच भागात, शिव, तारा, मंजुश्री, बुद्ध आणि पुन्हा शिव असा क्रम लागतो, आणि त्यात एकाने दुसऱ्याचे देऊळ पाडून त्यावर आपले उभारल्याची खूण दिसत नाही.

मराठी वाचकाला या सगळ्या तारखांमध्ये एक गोष्ट ओळखीची वाटेल. हे लेख शकाच्या गणनेत आहेत. आपल्या पंचांगाच्या माथ्यावर जो शालिवाहन शक छापलेला असतो, त्याच गणनेने समुद्रापलीकडच्या या बेटावर शैवांनी आणि बौद्धांनी आपापल्या देवळांचे दिवस मोजले.

प्लाओसान नवव्या शतकाच्या मध्यातले मानतात. त्याचे दोन भाग आहेत, उत्तरेचे प्लाओसान लोर आणि दक्षिणेचे प्लाओसान किदूल, आणि मधून आजचा गावरस्ता जातो. लोरमध्ये शेजारी शेजारी दोन मुख्य इमारती आहेत, दोन्ही पश्चिमाभिमुख, दोन्ही जवळजवळ सारख्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र तट. प्रवेशापाशी द्वारपाल बसलेले आहेत. एक गुडघा टेकलेला, हाती गदा, डोळे बाहेर आलेले, पण चेहऱ्यावर क्रौर्यापेक्षा दक्षताच अधिक. जावातल्या बौद्ध संकुलांच्या दारांत हे द्वारपाल असे जोडीजोडीने समोरासमोर बसतात.

आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. तळमजल्यावर तीन दालने आहेत. प्रत्येक दालनात भिंतीलगत दगडी ओटा आहे, ओट्यावर दोन बाजूंना दोन बोधिसत्त्व बसलेले आणि मधली जागा रिकामी. तिथली बुद्धमूर्ती कांस्याची असावी, असे अभ्यासक मानतात. धातूच्या मूर्ती लुटारूंच्या हाती लागल्या आणि दगडाच्या राहिल्या, हे जगातल्या बहुतेक प्राचीन देवळांच्या नशिबी आलेले आहे. मला मात्र त्या रिकाम्या आसनापेक्षा वरची भिंत अधिक वेळ पाहावीशी वाटली. साधारण दीड पुरुष उंचीवर दगडात ओळीने चौकोनी खाचा आहेत. लाकडी तुळया बसवण्याच्या त्या जागा आहेत. म्हणजे हे देऊळ दुमजली होते, वर जायला लाकडी जिना होता, आणि वरच्या मजल्यावरही तशीच तीन दालने होती. लाकूड कधीच कुजून गेले, पण तुळईच्या टोकाने दगडाला घासून गुळगुळीत केलेली खाचेची कड अजून हाताला लागते. कलसनजवळच्या सारी या चंडीची बांधणीही अशीच दुमजली आहे. देवाचे घर आणि भिक्षूंचा विहार या दोन्ही कल्पना इथे एका इमारतीत आल्या आहेत.

भिंतींवरचे शिल्पपट पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दक्षिणेकडच्या इमारतीत भक्तिभावाने उभ्या असलेल्या पुरुषांच्या आकृती आहेत आणि उत्तरेकडच्या इमारतीत स्त्रियांच्या. अंगावर दागिने, डोक्यावर छत्र धरलेले, हात जोडलेले. हे देव नाहीत. ज्यांच्या द्रव्यावर हे संकुल उभे राहिले, ती ही माणसे असावीत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दोन मुख्य इमारतींच्या सभोवती तीन ओळींत लहान वास्तू होत्या. एकूण १७४. त्यांपैकी ११६ स्तूप आणि ५८ लहान देवळे. आज त्यांतल्या थोड्याच पुन्हा उभ्या आहेत, बाकीच्या जागी चौथरे आणि नीट रचून ठेवलेले दगड दिसतात. या लहान वास्तूंपैकी अनेकींवर, साधारण गुडघ्याच्या ते कमरेच्या उंचीवर, दोन-चार शब्दांचे लेख आहेत. ते शोधावे लागतात. शेवाळाने अक्षरे भरून गेली आहेत, ऊन तिरपे असेल तरच दिसतात. आवाराची निगा राखणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी मला एका स्तूपापाशी नेऊन, दगडाला स्पर्श न करता बोट हवेतच फिरवून, अक्षर न् अक्षर दाखवले. ते स्वतः मुसलमान होते, हे त्यांनी मधेच दुपारच्या नमाजाला जाताना सहज सांगितले.

या लेखांमध्ये राज्यातल्या अधिकाऱ्यांची पदे आणि नावे आहेत. बहुतेक नावांच्या आधी ‘अनुमोद’ हा शब्द येतो. दुसऱ्याने आरंभलेल्या सत्कर्मात आनंदाने वाटा उचलणे, ही बौद्ध दानाची जुनी रीत आहे आणि त्या रीतीप्रमाणे प्रत्येक अधिकाऱ्याने एकेक लहान वास्तू बांधून दिली. पण या नावांमध्ये एक नाव वेगळे आहे. एका लेखात ‘श्री महाराज रकै पिकतन’ याने दिलेल्या स्तूपाचा उल्लेख आहे. हा पिकतन मातरामचा राजा. ज्या प्रम्बाननच्या भव्य शिवमंदिराला आपण हिंदू जावाचा कळस मानतो, त्याचा आरंभ करणारा म्हणून याचेच नाव घेतले जाते. त्या मंदिराविषयीचा शिवगृह लेख शके ७७८, म्हणजे इ. स. ८५६ चा आहे. म्हणजे ज्या राजाच्या कारकिर्दीत शिवगृह आकाराला येत होते, त्याच राजाने दोन-तीन किलोमीटरवरच्या बौद्ध संकुलात, आपल्या अधिकाऱ्यांच्या रांगेत, आपल्याही नावाचा स्तूप घालून दिला.

इथे प्रत्येक मार्गदर्शक एक प्रेमकथा सांगतो. पिकतन हा शैव संजय घराण्यातला, त्याची राणी प्रमोदवर्धनी ही बौद्ध शैलेंद्र घराण्यातली राजकन्या. दोघांच्या लग्नाने दोन घराणी आणि दोन धर्म एक झाले, आणि त्या प्रेमाची साक्ष म्हणून प्लाओसानची दोन जुळी देवळे उभी राहिली, एकात पुरुषांची शिल्पे, एकात स्त्रियांची. या मांडणीचा पाया डच अभ्यासक दि कास्पारिस यांनी १९५० च्या दशकात शिलालेखांच्या वाचनातून घातला, त्यामुळे ती निराधार नाही. पण दोन घराण्यांच्या या कल्पनेलाच जावातल्या अभ्यासकांनी हरकत घेतली आहे. पूर्बतजरक यांचे म्हणणे असे, की घराणे एकच होते आणि त्यातल्या काही राजांनी बौद्ध धर्माचा आश्रय केला. पुढे १९६० च्या दशकात सोजोमेर्तो येथे मिळालेल्या लेखात दपुंत सेलेंद्र हा शैलेंद्रांचा पूर्वज शिवभक्त असल्याचे दिसले, आणि दोन घराणी म्हणजे दोन धर्म हे समीकरण आणखी सैल झाले.

मला स्वतःला ही प्रेमकथा अपुरी वाटते. एका लग्नाने दोन धर्म एकत्र आले असे म्हटले, की ते एकत्र येणे अपवाद ठरते, राजवाड्यातली एक सुंदर घटना ठरते. पण त्या लहान स्तूपांवरची नावे राजवाड्याबाहेर नेतात. दूरदूरच्या भागांचे अधिकारी, ज्यांच्यापैकी अनेकांच्या घरी शिवाची पूजा होत असणार, बुद्धाच्या अंगणात एकेक वास्तू बांधून देतात, तेव्हा ती राज्याची रीत असते. संस्कृतात कोरलेल्या प्लाओसानच्या एका खंडित लेखात तर गुर्जरदेशाहून सतत येणाऱ्या, सुगताच्या, म्हणजे बुद्धाच्या, भक्तीने नम्र झालेल्या लोकांचा उल्लेख आहे. पश्चिम भारताच्या बंदरांतून निघालेली माणसे जावाच्या या खाचरांपर्यंत पोहोचून इथे माथा टेकवत होती.

आपल्याला हे अपरिचित नाही, फक्त आपण ते विसरतो. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजे पांडवलेण्यांतील, दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. देव-ब्राह्मणांना सोळा गावे दिली, ब्राह्मणांना भोजने घातली, तीर्थांवर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, हे सगळे सांगून तोच लेख पुढे म्हणतो, की हे लेणे त्याने भिक्षूंसाठी कोरवले. कार्ल्याच्या भिक्षूंनाही त्याने गाव दिले. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावे आहेत. प्लाओसानच्या स्तूपापाशी उभे असताना मला हे खांब आठवत होते, आणि जावाची ही रीत किती दूरवरून, किती शतकांच्या वहिवाटीतून आली असेल याचा अंदाज येत होता. अर्थात जावाने ती जशीच्या तशी उचलली नाही. लेण्यातला दाता एक खांब देतो. प्लाओसानमध्ये प्रत्येकाने पूर्ण वास्तू दिली आणि सगळ्या वास्तू मोजून-मापून एकाच आकृतिबंधात बसवल्या.

हा आकृतिबंध हेच दोन्ही धर्मांच्या वास्तुकलेचे खरे एकत्र येणे आहे, असे माझे मत आहे. सेवूचा आराखडा पाहा. मध्ये मुख्य मंदिर, भोवती चार ओळींत २४० लहान मंदिरे, मधल्या मोकळ्या पट्ट्यात आणखी आठ, असे मिळून २४९. आता प्रम्बानन पाहा. मध्ये शिव, ब्रह्मा, विष्णू आणि त्यांच्यासमोर वाहनांची मंदिरे, आणि भोवती, पुन्हा चारच ओळींत, २२४ लहान मंदिरे. सेवू आधीचे, प्रम्बानन त्यानंतर दोन पिढ्यांनी आलेले. मंजुश्रीसाठी बसवलेली मांडणी शिवासाठी जशी हवी तशी घडवून घेतली, एवढाच त्याचा सरळ अर्थ. दारावरचे कालमुख, म्हणजे राक्षसी चेहरे, आणि पायऱ्यांच्या कडेचे मकर दोन्हीकडे त्याच हाताचे वाटावेत इतके जवळचे आहेत. शिखरावर बौद्ध चंडीला स्तूप असतो आणि शैव चंडीला ‘रत्न’ म्हणतात तो घंटेच्या आकाराचा कळस. प्रम्बाननची शिखरे दुरून पाहिली तर हे रत्न आणि तो स्तूप यांत फरक करायला डोळ्यांवर ताण द्यावा लागतो. कोनाड्यात सिंह आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कल्पवृक्ष, झाडाखाली किन्नर किंवा प्राणी, हा प्रम्बाननचा सर्वांत लाडका नमुना, आणि त्याच्या वरच्या कठड्यावर रामायण. भक्ताने गर्भगृहाभोवती उजवीकडून फिरत कथा वाचायची, ही पद्धत बोरोबुदुर या जावातल्या महान बौद्ध स्मारकाच्या प्रदक्षिणामार्गांवर आधीच रुळलेली होती. प्रम्बाननच्या कठड्यावर सेतुबंधाचा प्रसंग आहे. वानर डोक्यावर शिळा घेऊन समुद्राकडे निघाले आहेत आणि पाण्यातले मासे तोंड उघडून त्या शिळांकडे झेपावत आहेत. मी तिथे बराच वेळ थांबलो.

ही जवळीक फक्त कारागिरांची नव्हती, विचारांचीही होती. केलुराक येथील शके ७०४ चा, म्हणजे इ. स. ७८२ चा लेख मंजुश्रीच्या मूर्तीच्या स्थापनेचा आहे. ती स्थापना गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या कुमारघोष या गुरूने केली. त्या लेखात मंजुश्रीची स्तुती करताना तोच ब्रह्मा, तोच विष्णू, तोच महेश्वर असे म्हटले आहे. लेख बौद्ध आचार्याचा, आश्रयदाता शैलेंद्र राजा, आणि जागा प्रम्बाननच्या अगदी शेजारची. सत्तर-पाऊणशे वर्षांनी जवळच ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांची तीन मंदिरे एका रांगेत उभी राहिली. या दोन घटनांचा थेट संबंध होता असे मी म्हणणार नाही. पण या मैदानातल्या माणसांना त्या तीन नावांचा आणि मंजुश्रीचा एकत्र उच्चार ऐकण्याची सवय होती, एवढे नक्की.

प्रम्बाननच्या शिवमंदिरात उत्तरेच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी उभी आहे. अष्टभुजा, पायाखाली महिष, एका हाताने असुराचे केस धरलेले. तुळजापूरला जाणाऱ्या माणसाला तिच्यापुढे हात जोडायला कोणी सांगावे लागत नाही. आसपासच्या गावांमध्ये मात्र तिला रोरो जोंगरांग म्हणतात आणि तिची गोष्ट सांगतात. बांडुंग बोंडोवोसो या योद्ध्याने तिला मागणी घातली, तिने एका रात्रीत हजार देवळे बांधण्याची अट घातली, त्याने भुतांच्या मदतीने ९९९ उभी केली, तेव्हा तिने गावातल्या बायकांकडून भात कांडायला लावून आणि पूर्वेला पेंढा पेटवून पहाट झाल्याचा भास केला. कोंबडे आरवले, भुते पळाली, आणि संतापलेल्या बांडुंगने तिलाच हजारावी मूर्ती करून टाकले. सेवू म्हणजे हजार. या गोष्टीत शिवाचे प्रम्बानन आणि बुद्धाचे सेवू अशी वेगळी वाटणी नाही. दोन्ही संकुले एकाच रात्रीच्या कामात येतात. जुने धर्म मागे पडले, लोक मुसलमान झाले, तरी त्यांनी दोन्ही देवळांना एकाच गोष्टीत जपले.

दहाव्या शतकात राजसत्ता पूर्व जावाकडे सरकली आणि हे मैदान ओस पडले. मेरापीची राख, भूकंप, मुळे आणि घरांसाठी नेलेले दगड यांनी उरलेले काम केले. विसाव्या शतकात डच आणि नंतर इंडोनेशियन पुरातत्त्वज्ञांनी एकेक दगड ओळखून, त्याची जागा शोधून ही देवळे पुन्हा रचली. प्रम्बाननचे शिवमंदिर १९५३ मध्ये पूर्ण झाले. ज्या वास्तूचे किमान तीन चतुर्थांश मूळ दगड मिळतात तीच उभी करायची, असा दंडक त्यांनी पाळला, आणि म्हणूनच प्लाओसानचे इतके स्तूप अजून दगडांच्या राशी आहेत. मला हा दंडक पटतो. नवे दगड घालून १७४ वास्तू उभ्या करणे अवघड नव्हते, पण मग कोणत्या दगडावर पिकतनचे अक्षर आहे आणि कोणता काल घडवला, हे पाहणाऱ्याला कसे कळले असते? २७ मे २००६ च्या भूकंपाने प्रम्बाननसह या भागातल्या देवळांचे पुन्हा नुकसान केले आणि पुन्हा तीच चिकाटीची कामे सुरू झाली.

आज प्रम्बाननच्या प्रांगणात दरवर्षी न्येपीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बाली पद्धतीच्या शकाच्या नववर्षाच्या पूर्वसंध्येला, हिंदूंचा तावुर आगुंग हा मोठा विधी होतो. २०२३ मध्ये न्येपी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले होते. २०२२ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने प्रम्बानन आणि बोरोबुदुर ही दोन्ही स्थळे हिंदू आणि बौद्धांच्या पूजाविधींसाठी खुली करण्याचा करार केला, ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते.

तिकडे जाणाऱ्या मराठी माणसाला माझे सांगणे एवढेच, की सकाळी आधी प्लाओसानला जावे. उन्हाचे किरण तिरपे असतात तेव्हाच ती अक्षरे दिसतात. मग सेवू, आणि प्रम्बानन शेवटी. वेळ उरलाच तर प्रम्बाननच्या दक्षिणेला सोजिवान नावाची लहान बौद्ध चंडी आहे, तीही चुकवू नये. तिच्या जोत्यावर दोन हंसांनी काठीच्या आधाराने उचलून नेलेले कासव कोरलेले आहे. आपण लहानपणी ऐकलेले तेच बडबडे कासव, काठीला तोंडाने घट्ट धरलेले.